फक्कीची भिंत

आमच्या गावातल्या मोकळ्या जागेवर एक केंद्र होणार आहे. तिथं लोकांनी घरबांधणी शिकायची, बसून बोलायचं. दुपारी आम्ही बायका तिथंच लिंबाखाली बसतो, म्हणून मला धास्ती होती. नवी इमारत आली की बसणाऱ्यांना आधी उठवतात.

काल आर्किटेक्ट मॅडमनी पांढऱ्या फक्कीने जमिनीवर नकाशा आखला आणि आम्हाला बोलावलं. शेजारची शांता दाराच्या खुणेपाशी चपला काढून आत गेली. भिंत कुठेच नव्हती, तरी आम्ही सगळ्या तिच्यामागून दारातूनच गेलो.

"आजी, राहू द्या चपला, नुसती माती आहे," मॅडम म्हणाल्या.

"उद्या फरशी घालाल ना? आजपासून सवय," शांता म्हणाली.

नकाशात लिंब आतल्या अंगणात ठेवला होता. त्याखाली बसलो, तर समोर रस्त्याच्या बाजूला रेघ. मी म्हटलं, "इथं भिंत आली तर रस्ता दिसायचा नाही. मग आम्ही बोलायचं कुणाविषयी?" मॅडम हसल्या आणि पायाने रेघ पुसून टाकली.

माझ्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. सासऱ्यांनी ते बांधलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. विटा रचून झाल्यावर बोलून उपयोग नसतो. भिंत आधी फक्कीची असते, हे काल कळलं.

"अजून काही?" मॅडमनी विचारलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्या गलक्यात माझी धास्ती गेली. आम्हाला तिथून कुणी उठवत नाही आता.