तो टक् आवाज कुठून येतो?

ग्वाल्हेरच्या स्टेशनवर मला सोडायला बाबा दुकानातूनच आले होते. आई खिडकीतून सूचना देत होती, पाणी उकळून पी, पोचल्यावर फोन कर. बाबा मात्र डब्यात माझ्या बर्थची साखळी हलवून बघत होते. एक स्क्रू ढिला निघाला. त्यांनी खिशातून पेचकस काढून तो आवळला आणि उतरले. गाडी हलल्यावर लक्षात आलं, आम्ही एकमेकांशी काहीच बोललो नव्हतो.

आमचे पूर्वज दक्षिणेतून मराठा फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. तलवारी गेल्या, नोकऱ्या आल्या, आणि बाबांनी नई सडकेवर हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान घातलं. माझ्या इंग्रजी शाळेत वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'बिझनेस' लिहायची. कोणी पुढे काही विचारू नये, एवढंच वाटायचं.

नाशिकला मी गावांचे नकाशे संगणकावर चढवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. शेजारच्या टेबलावरची मेधा आणि मी मिळून एक खोली घेतली. कोणी 'सॉरी' म्हटलं की मी ग्वाल्हेरच्या हिंदी सवयीने म्हणायची, "काही गोष्ट नाही." मेधा हसायची, "अगं, कुठली गोष्ट? सांग तरी!" मग मी कमीच बोलू लागले. ऑफिसात माझं म्हणावं असं एकच होतं, मी हट्टाने विंडोजऐवजी लिनक्स घालून चालवलेलं मशीन.

वर्षाच्या आतच आमची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळली. सगळे एका मजल्यावर आलो. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि टेबलं मांडली गेली ती हुद्द्याप्रमाणे. जेवढा मोठा साहेब तेवढा मोठा मॉनिटर. सोमवारी मी मशीन लावलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं नीट उमटली, पण चित्र दाखवणारा प्रोग्राम सुरू केला की 'टक्' व्हायचं, हिरवा दिवा नारिंगी व्हायचा आणि पुढे अंधार. चित्राशिवाय नकाशा कसा दिसणार?

आमचे साहेब म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघतो. नाहीतर सगळं पुसून विंडोज टाकू, आणि तू डेटा एन्ट्रीला बस." मी मनात ठरवलं, तसं झालं तर परत जायचं.

दिवसभर मी ड्रायव्हर बदलला, कार्ड उपसून पुन्हा बसवलं, अख्खा प्रोग्राम नव्याने टाकला. प्रोग्राम स्वतःची नोंद ठेवतो, त्यात एकही चूक नव्हती. तेच जास्त भीतीदायक होतं. संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. 'परत ये' ऐकायला मिळेल, अशी अर्धी आशाच होती.

बाबांनी विचारलं, "आवाज काय येतो?"

"टक्."

"कुठून? डब्यातून का पडद्यातून?"

मला सांगता येईना. काय काय केलं ते सांगितलं.

"तीन पेच एकदम फिरवलेस? मग कळणार कसं, बेटा? पेटी आली की मी आधी उघडतो का?"

नाही उघडत. गिऱ्हाईक घाई करत असतं आणि बाबा कान लावून एकेक पट्टी दाबत असतात. उघडलीच तर काढलेला प्रत्येक सूर, म्हणजे आतली पितळी पत्ती, वर्तमानपत्रावर क्रमाने मांडतात. त्यांच्या समोर बसून मी वर्षानुवर्षं गृहपाठ केला होता आणि त्यांच्या हातांकडे न बघण्याचा सराव केला होता.

सकाळी मी केलेले सगळे बदल उलटे फिरवले आणि कान आधी डब्याला लावला, मग पडद्याला. मेधाने विचारलं, "काय गं, काय म्हणतोय?"

आवाज पडद्यातून येत होता. म्हणजे मशीन चित्र पाठवत होतं, मॉनिटर ते घेत नव्हता. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. तो माझा नव्हताच. त्याच रंगाचा, पण लहान आणि जुना. सेकंदाला किती वेळा चित्र उमटवायचं, हा वेग मॉनिटरला किती झेपतो ते त्या प्रोग्रामला हाताने लिहून द्यावं लागतं. मी लिहिलेले आकडे माझ्या मोठ्या मॉनिटरचे होते, आणि तो आता नव्या सीनियर साहेबांच्या टेबलावर होता.

मी उठले. "सर, तुमचा मॉनिटर आधी माझ्या मशीनचा होता. पाच मिनिटं जोडून बघू?"

सगळ्या माना वळल्या. "पाचच हं," ते म्हणाले. "मग जागेवर आणून ठेव."

जोडताच चित्र आलं. मी मॉनिटर परत नेऊन ठेवला, फाइलमध्ये सगळ्यात कमी वेग लिहिला आणि एकेक पायरी वर चढत गेले. दुपारी त्या लहान पडद्यावर एक अख्खं गाव उमटलं, जरासं थरथरत. आमचे साहेब वाकून बघत राहिले. "राहू दे असंच," म्हणाले.

संध्याकाळी फोनवर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "मोठा परत दिलास ना?"

"दिला."

"बरं केलंस. आपल्याला पेटी बदलायची नव्हती, वाजवायची होती."

त्यांनी स्वतःच्या कामाला आणि माझ्या कामाला एकाच वाक्यात बसवलं होतं. मला फार बरं वाटलं, पण असलं काही बोलायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, "ठेवते बाबा, मेधा थांबलीय. घरी जाऊन जेवायचंय."

'घरी' हा शब्द तोंडातून गेल्यावर मलाच ऐकू आला. बाबांनाही आला असणार, त्यांच्या कानातून काही सुटत नाही. जे मागे राहतात, त्यांनाच ठाऊक की त्या क्षणी तिकडे काय झालं असेल.

मग ते म्हणाले, "हो. जा घरी."