वरून सोडलेली माती

कुस्ती शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. आधी हरायला शिका. पोरं हसतात. मीही हसलो असतो, पण हे शिकताना मी दोन वर्षं दातओठ खाल्ले आहेत.

बहात्तरचा दुष्काळ सरून आमच्या गावची जत्रा पुन्हा भरली, तेव्हा मी नवखा होतो. दंगलीत माझी जोड लागली पाटलाच्या पोराशी. कुस्तीआधी दोघांनी माती घेऊन हात मिळवायचा, ही सलामी. मी हात पुढे केला. त्यानं मूठभर माती उचलली आणि बोटही न लावता वरूनच माझ्या तळहातावर सोडली, दारातून पीठ घालावं तशी. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. विटाळ ही आजोबांच्या काळातली गोष्ट, असं मी समजून चाललो होतो. लोक खदाखदा हसले. पुढच्याच क्षणी त्याच माणसानं माझी मान धरली. म्हणजे हाताला विटाळ, मानेला नाही! मी संतापून अंगावर धावलो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चीत झालो.

चीत झालेल्याला जिंकणाऱ्यानं हात देऊन उठवायचं, असा आखाड्याचा रिवाज आहे. तो पाठ फिरवून निघून गेला. मी एकटाच उठलो.

मामा वाशीमच्या जिनिंगमध्ये कामाला होता. जवानीत त्यानं बऱ्याच कुस्त्या मारल्या होत्या आणि मला तोच शिकवायचा. मी त्याला म्हणालो, "मामा, मले त्याची पाठ मातीले लावाची हाये. दुसरं काही नाही पायजे."

"मंग धावला कायले असा?" मामा म्हणाला. "राग गमछ्यात बांधून ठेवाचा असते. कुस्ती झाल्यावर गाठ सोडाची. अन् तो पाडून राह्यला तुले, तं पाडू दे. दर खेपेले तो काय करते ते शिकून घे. फुकटचा वस्ताद भेटला तुले."

रिठदच्या दंगलीत पुन्हा त्यानंच मला पाडलं. पडता पडता एवढं कळलं, की तो लवकर धापा टाकतो आणि मी उगाच झोंबून त्याच्याआधी माझाच दम घालवतो. मेडशीलाही हरलो, पण तिथं खरा माल हाती लागला. वाकून पाय ओढायच्या आधी तो गर्दीत बसलेल्या बापाकडे एकदा बघायचा. शाबासकी आधीच मागून ठेवायचा लेकाचा!

मग वस्तीमागच्या आखाड्यात रोज मामा बाजूला बघायचा आणि माझ्या पायावर झडप घालायचा. मी पाय मागे घ्यायचो. हनुवटी फुटली, कान सुजले. भाकरीचा घास चावतानाही मी पाटलाच्या पोरालाच चावत होतो.

धनजच्या दंगलीत सलामीला त्यानं पुन्हा वरून माती सोडली. मी ती दोन्ही हातांना चोळून घेतली. या वेळी धावलो नाही. नुसता फिरत राहिलो, त्याला ओढायला लावलं, दमू दिलं. लोक ओरडले, "अरे, लढून राह्यला का फेर धरून राह्यला?" ओरडू दिलं. शेवटी त्यानं बापाकडे बघितलं. मी पाय मागे घेतला, वाकलेली मान खाली दाबली, बगलेतून हात घातला आणि सगळा जोर लावून त्याला उलटवलं. पाठ टेकली. आमच्या वस्तीतल्या लोकांनी टोप्या उडवल्या.

तो पडल्या पडल्या धापा टाकत होता. सवयीनंच असेल, त्याचा हात वर आला. सगळी दंगल बघत होती. मी वाकलो, मूठभर माती घेतली आणि बोटही न लावता वरूनच त्याच्या तळहातावर सोडली.

त्याचं तेव्हाचं तोंड आठवलं की मला आजही जेवण गोड लागतं.

मामानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "हे काय केलं? म्या नाही शिकोलं असं. कोणी शिकोलं तुले?"

"त्यानंच," मी म्हणालो, आणि मामाच्या खांद्यावरचा गमछा घेऊन तोंड पुसलं.