साहेबांच्या आवाजातला फोन

विमान कंपनी बुडाल्याची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही ढगबिग मनात आणले असतील. माफ करा. माझ्या गोष्टीत गच्चीवरची दोरी आहे, दोरीवर निळा युनिफॉर्म आहे, आणि मी आजवर विमानात पायसुद्धा ठेवलेला नाही.

ताई ओझरच्या विमानतळावर काउंटरला होती. माइकवरून अनाउन्समेंटही तीच करायची. मला शाळेपासून आवाज काढायची खोड. हेडमास्तरांपासून शाळेच्या घंटेपर्यंत सगळे काढून झालेले. ताई नोकरीला लागल्यावर घरात तिची अनाउन्समेंट सुरू केली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, गरम पोळ्या गेट नंबर एकवर आलेल्या आहेत." आई हसायची, ताईही.

मग कंपनीने विमानं बंद केली. म्हणे, थोड्या दिवसांपुरती. चार महिन्यांचा पगार अडकला. तरी ताई दर सोमवारी युनिफॉर्म धुवायची, इस्त्री करायची, आणि कुठेही न घालता पुढच्या सोमवारी पुन्हा धुवायची. दोरीवर तो वाऱ्याने फुगला की वाटायचं, आत कुणीतरी आहे, आत्ता हात करून रस्ता दाखवेल. संध्याकाळी ओझरकडून दुसऱ्याच कंपनीचं विमान वर चढायचं. ताई ओठांतल्या ओठांत त्याची अनाउन्समेंट म्हणायची. ते लहान होत होत केशरी आभाळात विरघळायचं आणि आम्ही दोघं तसेच बसून. तिने म्हटलं नसतं तर ते उडालंच नसतं, असं मला वाटायचं.

कोर्टाने कंपनीवर एक माणूस नेमला. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी मुदतीत त्याच्याकडे अर्ज करायचा. मी लगेच सुरू, "बँकांनी प्रथम पुढे यावं. त्यांच्यामागे कर्मचारी. टॅक्सीवाले, चहावाले यांनी जागेवरच बसावं, पैसे उरल्यास बोलावण्यात येईल." या वेळी कुणी हसलं नाही.

ताई अर्ज भरेना. "भरला म्हणजे सगळं संपलं असं मीच लिहून दिल्यासारखं होईल ना?" आई समजावून थकली. मुदतीला दोन दिवस उरले.

मी मित्राचा फोन घेतला, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीमागे उभा राहिलो आणि ताईच्या साहेबांच्या आवाजात तिला फोन लावला. साहेब नागपूरकडचे. एकदा डबा द्यायला गेलो होतो, तेव्हाच त्यांचा आवाज उचलून आणलेला.

"मॅडम, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. अर्ज भरला का? भरून टाका ना. आपल्या कष्टाचे आहेत, मागायचे ना."

"हो सर." तिचा आवाज एकदम काउंटरवरचा झाला. मग जरा थांबून, "सर, आपली विमानं कधी सुरू होतील?"

ह्याची तयारी नव्हती. समोर दोरीवर युनिफॉर्म हलत होता.

"लवकरच," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी तिने पगाराच्या स्लिपा जोडून अर्ज पाठवला. मग आठवडाभर ती घरात अशी वावरत होती की जमिनीला पाय लागत नसावेत. एका दागिन्यांच्या दुकानातून काउंटरच्या नोकरीसाठी फोन आला, त्यांना हसून म्हणाली, "नको, आमचं लवकरच सुरू होतंय."

मग तिने साहेबांना थँक्यू म्हणायला फोन केला. साहेब म्हणाले, "मी कुठे फोन केला मॅडम? पण मुदत गेल्यावर तो अर्ज घेतात का, सांगा ना. माझा राहूनच गेला."

ताई गच्चीवर आली. मी हसायची तयारी केली होती.

"आवाज काढलास, काढ. अर्ज भरून घेतलास, तेही बरंच केलंस. पण 'लवकरच' म्हणायला कुणी सांगितलं होतं तुला? साहेबांनी इतक्या दिवसांत एकदाही म्हटलं नाही ते. एकदाही! आणि तू बसल्या जागी विमानं सोडलीस? त्या एका शब्दावर मी दुकानाला नाही म्हटलं, गाढवा! आता लाव फोन त्या दुकानाला. माझ्या नाही, साहेबांच्या नाही, स्वतःच्या आवाजात. सांग, माझ्यामुळे ताई नाही म्हणाली. आणि आधी तो युनिफॉर्म काढ दोरीवरून. उन्हाने रंग उडतोय त्याचा."