लोक मुनेशभाभींबद्दल काय म्हणाले

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ तर नाहीच. कितीदा ओठांवर आली आणि मी काहीतरी निमित्त काढून उठून गेले. आज तुला सांगते आहे — कारण तू मला ओळखत नाहीस, आणि मुनेशभाभींनाही ओळखत नाहीस.

मुनेश हे बाईचं नाव. आपल्याकडे पुरुषाचं वाटेल, पण गाझियाबादच्या बाजूला घरोघरी सापडेल. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. लातूरहून दिल्लीला आले होते यूपीएससीसाठी, पुढे दिल्लीचं भाडं झेपेना म्हणून गाझियाबादला सरकले, आणि अभ्यास सांभाळून एका सर्व्हेच्या ऑफिसात काम धरलं. भाभी मला 'लल्ली' म्हणायच्या. तिकडे घरातल्या पोरीला लाडाने तसं म्हणतात. मला डेंग्यू झाला तेव्हा त्यांनी मला खाली आणून स्वतःच्या पलंगावर झोपवलं, केस धुऊन दिले, आणि माझ्या घाबरलेल्या बाबांना फोनवर दटावलं, "भाईसाहब, आपकी बेटी मेरे पास है. रोना बंद कीजिए."

हे आधी सांगते आहे, कारण नंतर सांगितलं असतं तर ते सहानुभूतीसाठी वाटलं असतं. की आत्ताही तसंच वाटतंय?

आमचं काम साधं होतं. निवडणूक आली की तिकीट वाटण्याआधी पक्षाला कळायला हवं असतं — आपल्याच इच्छुकांपैकी लोकांना कोण हवंय. फोनवर प्रश्न विचारणारे वेगळे. मी गल्ल्यांत फिरायचे. आमचे त्यागीसर म्हणायचे, "जवाब मत सुनो, चेहरा देखो." नाव घेतल्यावर माणूस दाराला टेकून बोलायला लागतो की घाईत असल्याचं सांगतो, शेजारणीला हाक मारतो की नुसती मान हलवतो — यावरून जोश ओळखायचा. मला ते यायचं. खरंच चांगलं यायचं. हे मुद्दाम सांगते, म्हणजे माझा अंदाज चुकला असं तुला वाटायला नको.

त्या वर्षी नगरसेवकाच्या निवडणुकीत आमच्या भागातून तिकिटासाठी दोन नावं होती. एक प्रॉपर्टी डीलर, सगळे त्यांना चौधरीजी म्हणायचे. दुसऱ्या मुनेशभाभी.

भाभी दहावीपर्यंत शिकलेल्या. भर उन्हाळ्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला, तेव्हा त्या घरातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून वीज कार्यालयाच्या दारात जाऊन बसल्या. दुपारपर्यंत मागे गल्लीतल्या बायका खुर्च्या घेऊन आल्या. नवीन ट्रान्सफॉर्मर आला तेव्हाच उठल्या. पुढे कुणाची विधवा पेन्शन अडली, कुणाच्या पोरीला शाळेत प्रवेश मिळेना — लोक आमच्याच दाराशी यायचे. त्या चप्पल घालायच्या आणि निघायच्या.

आणि मी? मी वरच्या खोलीत प्रशासनावरची उत्तरं पाठ करत असायचे. लोकांची कामं करणारी बाई व्हायचं म्हणून.

माझ्या यूपीएससीच्या शेवटच्या प्रयत्नाचा निकाल लागला. नाव नव्हतं. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या बायका भाभींकडे आल्या — तुम्हीच उभं राहायचं, नाही म्हणायचं नाही. मी दिवा न लावता वर बसले होते. खालून हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने भाभी मिठाई घेऊन वर आल्या, माझा चेहरा बघितला, मिठाई मागे लपवली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. मला त्या क्षणी त्या असह्य झाल्या. का? माझ्याशी तर त्या चांगल्याच वागत होत्या. कदाचित म्हणूनच.

नंतर तो भाग माझ्याच वाट्याला आला. राहतो तिथे सर्व्हे करायचा नाही, असा नियम होता. पण ऑफिसात मी जुन्या कागदांवरचा दिल्लीचाच पत्ता दिला होता. तो मी बदलला नव्हता आळसाने — आणि या वेळी गप्प बसले ते आळसाने नाही.

स्वतःची गल्ली टाळून मी आसपास फिरले. चौधरीजींचं नाव घेतलं की लोक म्हणायचे, हां, ठीक हैं. भाभींचं नाव घेतलं आणि एक म्हातारी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "मुनेश खड़ी हो रही है? सच में?" तिने समोरच्या घरातल्या सुनेला बोलावलं, सुनेने आणखी कुणाला. एका शिंप्याने मशीन थांबवून मला बसायला स्टूल दिलं. जिथे जावं तिथे हेच. मी इतक्या वर्षांत कुणाच्या नावावर असे उजळलेले चेहरे पाहिले नव्हते. आणि प्रत्येक चेहऱ्यागणिक माझ्या आत काहीतरी कडू होत गेलं.

घरी आल्यावर भाभी विचारतील अशी मला धास्ती होती. त्यांनी विचारलं नाही. उलट म्हणाल्या, "तेरा काम है, लल्ली. मुझे कुछ मत बताना." आणि ताटात भाजी वाढली.

मग ऑफिसात बैठक झाली. पक्षाचे एक गृहस्थ आले होते. फोनवरच्या उत्तरांत दोघं जवळजवळ सारखेच निघाले होते. ते वैतागले, माझ्याकडे वळले. "आप घूमी हैं. जोश किसके लिए है?"

विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता येत नाही. त्यांनी विचारलं आणि मग चहा ओतून घेतला, साखर ढवळली. तेवढा वेळ होता.

मी म्हटलं, "मुनेशजी को सब पसंद करते हैं. पर नेता कोई नहीं मानता. जोश चौधरीजी का है."

बस, एवढंच. त्यागीसरांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

तिकीट चौधरीजींना मिळालं आणि ते निवडूनही आले, पक्षाच्या हवेत. त्यामुळे मी खोटं बोलले हे कुणाला कधी कळलंच नाही. उलट ऑफिसात माझा अंदाज बरोबर आला म्हणून कौतुक झालं. मी ते ऐकून घेतलं.

इथवरच असतं तर कदाचित मी हे तुला सांगितलंही नसतं. पण तिकीट गेल्यावर एका दुपारी भाभी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी पायऱ्या चढून आले तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अब तो सब हो गया. एक बात पूछूँ? लोग मेरे बारे में क्या कहते थे?"

बघ, इथे मला दुसरी संधी होती. खरं सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ती म्हातारी, तो शिंपी — नुसतं सांगायचं होतं. मी म्हटलं, "लोग कहते थे, घर की औरत है, अच्छी है. राजनीति इसके बस की नहीं."

त्या चादर झटकत होत्या. ती त्यांनी नीट दोरीवर टाकली, चारही कोपरे सरळ केले. "ठीक ही कहते हैं," म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

त्यानंतर त्यांनी बाहेर पडणं कमी केलं. भांडण नाही, रडणं नाही. एकदा एक बाई नवऱ्याच्या उपचारांच्या कागदांसाठी दारात आली होती. मी जिन्यात होते. भाभींनी तिला नगरसेवक झालेल्या चौधरीजींकडे पाठवलं, "पार्षदजी के पास जाओ, बहन. मैं कौन होती हूँ." ती बाई कागद पिशवीत घालून गेली. हळूहळू लोक यायचे थांबले.

माझं लग्न झालं, मी गुरुग्रामला आले. निघताना भाभींनी मला साडी नेसवली, निऱ्या स्वतः घातल्या. अजूनही सणावाराला त्यांचा फोन येतो.

गेल्या आठवड्यात आला होता. तिकडे पुन्हा निवडणुकीचं वारं आहे. या वेळी पक्षाची माणसं स्वतःहून त्यांच्या घरी आली, उभ्या राहा म्हणाली.

"मैंने मना कर दिया," त्या म्हणाल्या. "लोगों के मन में जो है, वो तो तूने तभी बता दिया था. अच्छा हुआ बता दिया, नहीं तो मैं बेवकूफ़ बनती."

माझ्या हातात फोन होता. नवरा घरात नव्हता, कुणी ऐकत नव्हतं.

मी म्हटलं, "ठीक किया, भाभी."

मग त्यांनी माझ्या मुलीची शाळा विचारली, आणि मी सांगत राहिले.