जात्यावरची आणि पलंगावरची

पहिल्या वेळी मला पलंगावर निजवून ठेवलं होतं. ते दिवस आठवले की आजही मला ओकारी येते. ओकारी डोहाळ्यांची नव्हे, माणसांची.

माझं माहेर किन्हीराजाचं. लग्नाआधी मी विहिरीचं पाणी डोक्यावरून आणलं, उन्हातान्हात निंदण केलं. सासर रिसोडच्या बाजूचं, मोठ्या जमिनीचं. दिवस गेल्याचं कळलं आणि सासूबाईंनी माझं अंगणात उतरणंसुद्धा बंद केलं. थोरामोठ्यांच्या घरच्या पोटुशीनं हलायचं नसतं म्हणे. तूप खायचं आणि पडून राहायचं. सहाव्या महिन्यात माझे पाय असे सुजले की जोडवी बोटांत रुतली. चार पावलं टाकली तरी धाप लागे. कोणी भेटायला आलं की सासूबाई माझी सूज कौतुकानं दाखवायच्या, जणू ती त्यांचीच कमाई.

घरचं दळण सालगड्याची बायको करायची. तीही पोटुशी, माझ्याच महिन्याची. तिच्यासाठी सासूबाईंचं वैद्यक निराळं होतं. जातं ओढलं की बाई लवकर मोकळी होते, असं त्या तिला रोज सांगत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, आणि इथे तर दोन्ही अजून जन्मायचे होते. मी पलंगावरून जात्याची घरघर ऐकायची. ती मध्येच थांबली की सासूबाईंचा आवाज चढायचा.

सातव्यात माझं डोहाळजेवण ठरलं. पुरणपोळ्यांचे गहू तिच्यापुढे ओतले गेले. आदल्या दिवशी सुईण मला पाहायला आली. जाता जाता ती जात्यापाशी थबकली. त्या बाईची कंबर धरली होती आणि लुगड्याला रक्ताचा डाग होता. सुईण परत आत आली.

"हिले चालू द्या, अन् तिले बसू द्या," ती सासूबाईंना म्हणाली. "तुमी उलटंच करून राह्यल्या."

सासूबाई हसल्या. पदरात ज्वारी घालून त्यांनी सुईणीला वाटेला लावलं, आणि उरलेले गहू त्या बाईकडूनच दळून घेतले. उरलेलं मी दळते, असं म्हणायला माझं तोंड कोणी बांधलं नव्हतं. मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बायका मला फुलांनी सजवत होत्या, तेव्हा सालगडी मागच्या दाराशी आला आणि पोर गेल्याचं सांगून खाली मान घालून निघून गेला. सासूबाईंनी वाढणंही थांबवलं नाही.

"एक दिवस घरी बसली, तं पाहा," त्या म्हणाल्या. "जात्यावर असती तं असं झालं नसतं."

बायकांनी माना डोलावल्या. एकीनं बोटावरचं तूप चाटलं. मला त्या सगळ्यांची किळस आली. मग माझ्यापुढे ताट आलं. पीठ कोणी दळलं होतं हे मला ठाऊक होतं. मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.