अळणी ताट

माझ्या यजमानांचे पाय सुजले, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, बसून बसून सुजले असतील. सांगलीत आमचं तांबटाचं घर होतं. पुढे दुकान आणि भट्टी, मागे आम्ही राहायचो. लढाईमुळे तांब्याचा नवा पत्रा मिळत नव्हता. जुन्या घागरी-हंड्यांची डागडुजी एवढंच काम उरलं होतं. थोरले दीर ठोकायचे आणि हे भाता ओढायचे.

यांना भाता ओढवेना. जरा ओढला की थांबायचे, भिंतीला हात लावून उभे राहायचे. दीर म्हणायचे, "काय रं, नव्या नवरीवानी दमतोस?" दोघं हसायचे. मग सूज पोटऱ्यांवर चढली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तो बराच वेळ तसाच राहायचा. आडवं झालं की यांचा जीव गुदमरायचा, म्हणून जोंधळ्याच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोप काढायचे. हसणं बंद झालं.

साताऱ्याहून लग्न होऊन मी आले, त्याला फार दिवस झाले नव्हते. सासरे आधीच गेले होते. घरात सासूबाईंचा शब्द चालायचा. त्यांना मी आत्या म्हणायची.

डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, मानेच्या शिरा बघितल्या. मग आत्यांना विचारलं, "लहानपणी सांधे धरले होते का याचे?"

"व्हय की. घसा सुजला, ताप आला, मग आज गुडघा तर उद्या कोपर. पण बरा झाला त्यातनं."

"सांधे बरे झाले. काळीज राहिलं."

डॉक्टर दुकानातूनच आत आले होते, त्यामुळे त्यांना भाता दिसला होता. तो दाखवून ते म्हणाले, "ह्याच्या आत चामड्याची झडप असते ना? भाता उघडला की ती उघडते, वारा आत येतो. दाबला की ती मिटते, म्हणून वारा पुढे जातो, मागे फिरत नाही. काळजात अशा चार झडपा आहेत. अंगातनं फिरून आलेलं रक्त उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं, हवा घेऊन डाव्या बाजूला येतं आणि डावीकडून पुन्हा अंगभर. त्या तापानं याची डावीकडची झडप आखडली आहे. ती नीट मिटत नाही. रक्त मागे फिरतं आणि तुंबतं. तुंबलं की त्यातलं पाणी पाझरतं, आधी फुप्फुसात, मग पायात."

"झडप बदलायची मग," दीर म्हणाले.

"भात्याची बदलता येते. ह्याची कुणाला येत नाही अजून."

त्यांनी थेंबांचं औषध दिलं. ते काळजाला जोर देतं म्हणाले. आणि मीठ बंद केलं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. भाजीत, भाकरीत, ताकात, कशातही मीठ नको, नाहीतर थेंबांचा उपयोग होणार नाही.

पहिल्या दिवशी यांनी अळणी आमटी तोंडात घेतली आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी तेच. आत्या म्हणाल्या, "तुझ्या हातचं न्हाई जायचं त्याला. मी करते." त्या वेगळ्या पातेल्यात यांच्यापुरतं शिजवायला लागल्या आणि हे जेवायला लागले. आत्या शेजारणीला सांगायच्या, "माझ्या हातची गोडीच येगळी."

पण सूज उतरेना. मांड्या फुगल्या, पोट फुगलं. ओठ निळसर दिसायला लागले. डॉक्टरांनी थेंब वाढवले. तेव्हा यांना मळमळायला लागलं. एका सकाळी म्हणाले, "भिंत पिवळी केली काय कुणी?" भिंत पांढरीच होती. डॉक्टरांनी ते ऐकलं, नाडी धरली आणि थेंब बंद केले. "याच्यापुढं वाढवता येत नाहीत. जास्त झालं तर हेच औषध काळीज थांबवेल. पाणी का उतरत नाही तेच मला कळत नाही. मीठ देता का?"

"एक खडा न्हाई," आत्या म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

"मग अवघड आहे. असंच चढत राहिलं तर छातीत भरेल."

म्हणजे हे मरणार, एवढं मला कळलं.

आमच्यात नवऱ्याच्या ताटात बायकोनं जेवायची रीत होती. दुखणं आल्यापासून आत्यांनी ती बंद केली होती. त्या दिवशी मळमळीमुळे यांनी दोन घास खाऊन ताट सोडलं. आत्या देवळात गेल्या होत्या. अन्न टाकायचं कशाला म्हणून मी त्याच ताटावर बसले. आमटीचा घास घेतला. आमटी खारट होती.

मी यांना विचारलं, "ह्यात मीठ हाय. तुमाला कळलं न्हाई?"

"शेंदेलोण हाय ते," हे धापा टाकत म्हणाले. "आई म्हणली, चालतं."

आत्या आल्या तशी मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मीठ समुद्राचं. शेंदेलोण खाणीतलं. उपासाला मीठ चालत न्हाई, शेंदेलोण चालतं. काळजाला तर ते चांगलं असतं."

"जिभेला सारखंच लागतंय, आत्या."

"सारखं? जन्मभर एकादशीला मी शेंदेलोण खाल्लं. ते मीठ असलं तर माझ्या सगळ्या एकादशा मोडल्या म्हण की! म्हण, माझ्या तोंडावर म्हण."

दीर म्हणाले, "आईचं बरोबर हाय. वैद्यबी औषधात घालत्यात." संध्याकाळी पुन्हा तेच पातेलं चुलीवर चढलं. हे श्वास घेताना खांदे उचलत होते आणि आत्या बाजूला बसून घास भरवत होत्या. मला ते बघवेना. तरी बघत बसले, कारण उठून जायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांच्यापुढे मी कधी बोलले नव्हते. दाराआड उभी राहायची आमची पद्धत. त्यांनी पुन्हा मिठाचं विचारलं, आत्या पुन्हा तेच बोलल्या. मी उपासाच्या बरणीतला गुलाबी खडा घेतला, बाहेर आले आणि डॉक्टरांच्या पुढे हात केला. "हे घालत्यात आमटीत."

आत्या ओरडल्या, "अगं, हातात देऊ नगं! भांडणं होत्यात!"

डॉक्टरांनी खडा घ्यायला पुढे केलेला हात तसाच ठेवला. "कशानं होतात भांडणं, आजी?"

मीठ कुणाच्या हातात द्यायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दीर खाली बघायला लागले. डॉक्टरांनी खडा घेतला, चाटला आणि खिडकीतून बाहेर टाकला. "उपासाला काय चालतं ते मी सांगत नाही, तो माझा विषय नाही. ह्याच्या काळजाला हे मीठच आहे."

ते गेल्यावर आत्या मला म्हणाल्या, "परक्या पुरुषापुढं माझी लाज काढलीस. सातारकरीण." त्यांनी ते पातेलं राखेनं घासलं, पुन्हा पुन्हा घासलं. मग शेंदेलोणाची बरणी शेजारी देऊन आल्या.

त्यानंतर यांनी अळणी खाल्लं. शिव्या देत खाल्लं, लिंबू पिळून खाल्लं. थेंब पुन्हा थोडे सुरू झाले. मग लघवी सुटली. मी भांडी बाहेर नेऊन दमायची, पण प्रत्येक भांडं भरलेलं बघून बरं वाटायचं. आधी पोट उतरलं, मग मांड्या. घोट्याचं हाड दिसायला लागलं.

झडप काही बरी झाली नाही. भाता यांनी पुन्हा कधी ओढला नाही. काही वर्षांनी त्याच दुखण्यानं गेले. ते तसं होणार हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं.

पण त्या महिन्यातली एक दुपार मला चांगली आठवते. मी दळण करत होते. आत्यांची किंकाळी आली. पळत गेले. हे पोत्यावरून घसरून जमिनीवर सपाट पडले होते, उताणे, तोंड उघडं. आत्या कपाळ बडवून घेत होत्या. इतक्या दिवसांत यांना आडवं कुणी बघितलं नव्हतं. दीर दुकानातून आले आणि उंबऱ्यातच थांबले.

मी खाली बसले आणि पिठाच्या हातानंच यांचा सदरा बाजूला करून छातीला कान लावला. ठोका पडत होता. मागोमाग फस्स असा आवाज येत होता, मग पुन्हा ठोका. श्वास लांब आणि मोकळा होता.

यांनी डोळे उघडले. "काय गं, मेलो काय बघतीस व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग झोपू दे की," असं म्हणून हे कुशीवर वळले.