फुंकर मारून घेतलेलं बनियन

पळणाऱ्यांचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माणूस घामानं चिंब झाला की काहीतरी बोलतो, बघणारा त्याच्यावर आणखी काहीतरी बोलतो, आणि किस्सा तयार! आमच्या तालमीत असे पोतंभर पडलेत. त्यातले निवडून सांगतो. लांबण लावायची मला सवय नाही.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला होता. नव्या जिल्ह्याची पोलीस भरती निघाली आणि त्याच साली दुष्काळ. गंगाधर माझ्या तालमीतला, खडी फोडायच्या कामावर जायचा. वयाच्या अटीत ही त्याची शेवटची भरती.

"वस्ताद, औंदा न्हाई तर कधीच न्हाई."

"मग पळ," मी म्हणालो.

भरतीत नंबर दुपारी लागतो, म्हणून पळायचंही दुपारीच. तळं आटून सपाट मैदान झालं होतं. तिथं पळायचं. घालायचं काय, एवढाच प्रश्न.

*

पहिल्या दिवशी गडी लग्नातला टेरिकॉटचा शर्ट घालून आला. दोन चकरांत शर्ट अंगाला चिकटला.

"काढ तो."

"वस्ताद, लई भारी हाय ओ!"

"भारी हाय म्हणूनच पाय उचलंना!"

*

निलंग्याकडचा दिगंबर घरचा बरा. तोही भरतीला उतरला होता. त्यानं हैदराबादहून नायलॉनची चकचकीत जर्सी आणली. वारा आत नाही, घाम बाहेर नाही! पळून झाल्यावर काढताना जर्सी डोक्यात अडकली. दोघांनी धरून ओढली, तर आतून आवाज आला, "वस्ताद, मुंडकं तेवढं ठिवा! फॉर्मवर फोटो लागतोय!"

*

मग मी गंगाधरला म्हणालो, "उघडाच पळ."

भर उन्हात उघडा माणूस गल्लीतून जीव तोडून पळतोय म्हटल्यावर तिथल्या बायांना एकच अर्थ लागला. टँकर आला! हंडे उचलून सगळ्या त्याच्या मागं. हा घाबरून जोरात पळाला, तशा त्याही जोरात. थेट तळ्यात येऊनच सगळे थांबले.

एका म्हातारीनं हंडा आपटला. "कुठंय टँकर?"

"टँकर न्हाई मावशी. मी भरतीसाठी पळायलोय."

"मग कपडे घालून पळ की, मुडद्या! कपडेवाल्याच्या मागं आम्ही कशाला लागतो?"

तसा तो त्याआधी कधीच पळाला नव्हता.

*

कपडे घालायचे ठरलं. मी गंजगोलाईच्या बाजारात कापड बघायला गेलो. माझी रीत सोपी. कापड तोंडाशी धरायचं, पलीकडं तळहात ठेवायचा आणि फुंकर मारायची. हाताला वारा लागला तर कापड पळायचं. नाही लागला तर मिरवायचं.

दुकानातली निम्मी ठाणं मी फुंकली. दुकानदार वैतागला. "पहिलवान, कापड घ्यायचंय का शंख वाजवायचाय?"

"जे वाजणार नाही तेच द्या!"

शेवटी फेट्याची मलमल घेतली. आमचे टेलर इस्माईलभाई म्हणाले, "वस्ताद, इसकी तो मच्छरदानी अच्छी बनती!" तरी बिनबाह्यांचं बनियन शिवून दिलं.

*

मलमल हलकी खरी. पण प्यायला पाणी मिळेना, तर बनियन कोण धुणार? घाम वाळून त्यावर पांढरी नक्षी उठायची. गंगाधरची बायको शालन ते लिंबाच्या खोडावर आपटायची आणि म्हणायची, "मीठ आणूच नका आता. घरचंच निघायलंय!"

वर ओली झाली की मलमल आरपार दिसायची. शालननं एकदा नीट बघितलं. "हे घालून साहेबापुढं जाणार? त्यापरीस काहीच घालू नका, कापड तरी वाचंल!"

*

मग तिनंच ट्रंकेतून जुनं बनियन काढलं. जिल्हा एक होता तेव्हा गंगाधर एका शर्यतीत पळाला होता, तिथं मिळालेलं. सुती, वापरून वापरून कांद्याच्या सालीसारखं झालेलं. मी फुंकर मारली. पास! पण छातीवर जाड रंगात लिहिलं होतं, उस्मानाबाद. तेवढ्या जागेतून वारा जाईना. शिवाय भरती लातूरची आणि छातीवर जुना जिल्हा, हे मला पटेना.

इस्माईलभाईंना म्हणालो, "अक्षरं कापून काढा."

"छातीला भोकं पडतील, वस्ताद."

"पडू द्या. वारा येईल."

त्यांनी अक्षरांवरची रेघ ठेवली, नाहीतर बनियनचे दोन तुकडे झाले असते. खालची अक्षरं तेवढी कातरली. दुसऱ्या दिवशी गंगाधर पळून आला तो हसतच. "वस्ताद, छातीला खिडकी पाडल्यावानी वाटायलंय!"

पुढं रोज दुपारी तेच बनियन.

भरतीच्या दिवशी पळण्यात तो सगळ्यांच्या पुढं होता. राहिली छाती. दुष्काळात खाऊन खाऊन माणूस किती खाणार? फुगवून मापात बसली तर बसली, नाहीतर घरी. मी दोरीच्या बाहेर उभा होतो.

"बनियन काढ," टेपवाला हवालदार म्हणाला.

गंगाधरनं काढलं. हवालदार बघतच राहिला. रांगेत हसू फुटलं. इतक्या दिवसांचं ऊन त्या भोकांतून आत गेलं होतं. छातीवर काळं कुळकुळीत उमटलं होतं, उस्मानाबाद!

साहेब खुर्चीतून उठून आले.

"कुठला रे तू?"

"लातूरचा, साहेब."

"आणि हे?"

गंगाधरनं मान खाली घालून छातीकडं बघितलं.

"फुगव."

त्यानं होता नव्हता तेवढा श्वास भरला. हवालदार टेपवर वाकला. "साहेब, उस्मानाबाद वाढायलंय... वाढायलंय... बसलं मापात!"

साहेब हसले नाहीत. कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. वाटणीत हा आपल्याकडं आला!"